उणे एकतीस

उलानबातरला उतरले तेव्हा यादीत नऊ ठिकाणं होती
आणि उजेड जेमतेम आठ तासांचा.
गंदान मठासमोर, कबुतरांच्या गर्दीत, पहिलं बोट बधिर झालं.
झैसानच्या पायऱ्यांवर दुसरं.
टेकडीवरून शहर दिसतं म्हणाले होते.
दिसला तो धूर.
उतारावरच्या हजारो गेरांमधून निघालेला, कोळशाचा,
दरीत सायीसारखा धरलेला.
साय पांढरी असते, ही करडी.
तिच्यातून दोन क्रेन आणि एक काचेची इमारत
माना वर काढून श्वास घेत होत्या.
काढला फोटो.
घरी दाखवला की सगळे विचारणार, अगं, पण शहर कुठंय?

मोठ्या चौकात पोचेपर्यंत कॅमेरा गेला.
लाल चौकोन लुकलुकला, मग काळं.
"मरत नाही ती. झोपते," दाश्न्याम म्हणाला.
चौकातला फोटोवाला तो, एकोणतीस हिवाळे इथेच उभा.
त्यानं देलच्या आत खोलवर हात घातला
आणि स्वतःची बॅटरी काढून दाखवली,
कोंबडीखालचं अंडं दाखवावं तशी.
मीही घातली माझी काखेत
आणि फिरत राहिले पुतळ्याभोवती.
काखेत कळसा, चौकाला वळसा.
हे त्याला सांगावंसं फार वाटलं.
पण आम्हा दोघांत मिळून रशियन शब्द होते चाळीसेक,
त्यांत भांडीकुंडी एकही नव्हती.

मग ती दोघं आली.
अर्खांगायहून, रात्रभर बसनं.
नात इथल्या इस्पितळात, परवा मोकळी झालेली, मुलगा.
आजोबांच्या छातीवर पदकं, तेरा, ओळीत.
युद्धाची असतील म्हणून मी जरा अदबीनं पाहिलं.
दाश्न्यामनं हातानंच लोकर कातरून दाखवली.
मेंढ्यांची होती.

ती उभी राहिली, खानाच्या पुतळ्याकडे पाठ करून.
त्यानं कॅमेरा उचलला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
अंड्यावर एकोणतीस वर्षं बसलेल्या माणसाचंही
एखादं अंडं थंड निघतं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी हातमोजा दातांत धरून काढला,
गुंड्या, स्वेटर, आणखी एक स्वेटर,
सगळ्या जगासमोर काखेत चाचपडले,
बॅटरी निसटली, बर्फात पडली, उचलली, फुंकली.
ती दोघं हलली नाहीत.
आजीनं तर श्वासच धरला होता
फोटोत वाफ येऊ नये म्हणून.
पापण्यांवर दव गोठत होतं,
गाल बिटासारखे,
आणि मी अजून झाकणाशीच झगडत होते.
सोडा हो श्वास, हे मी मराठीतच ओरडले.

तीन फोटो निघाले. मग पुन्हा लाल चौकोन.

पैसे त्यांनी दाश्न्यामला दिले. त्यानं अर्धे मला दिले.
मी ते परत दिले, त्यानं ते परत दिले,
शेवटी त्यांचाच खारा चहा आला, तिघांना पुरून मला उरेल इतका.
आजीनं बाहीतून वाळक्या दह्याचा तुकडा काढून दिला,
दगडासारखा. अजून गालात आहे.

हॉटेलात घाई केली, पिशवीतून कॅमेरा लवकर काढला,
भिंग घामानं निथळलं.
पुसलं, पाहिलं.
चौक नाही. सरकारी वाडा नाही.
खानाचा एक गुडघा आलाय, कोपऱ्यात.
मधोमध तोंड मिटलेली बाई
आणि तिच्याकडे काळजीनं तिरपं बघणारा,
तेरा पदकांचा नवरा.

पाकिटावर पत्ता लिहायचा आहे.
दाश्न्यामनं तो डब्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला:
अर्खांगाय, अमुक तालुका, तिसरं बाग.
बाग म्हणजे तिकडे बगीचा नव्हे,
गाव म्हणावं तर घरं नाहीत इतका मुलूख.
खाली आणखी एक ओळ होती.
स्वागतकक्षातल्या मुलीनं ती वाचून दाखवली,
तिला त्यात काही विशेष वाटलं नाही:
मार्चच्या आत पाठव,
पुढे आम्ही हलतो.