सुटी माशी

फेर्लाख. दुपारचे तीन. रिखार्डा आली,
काखेत बापाची रायफल, घोंगडीत गुंडाळलेली.
"दस्ता लांब पडतो मला. बोटभर कापा."

बोटभर!
हा अक्रोड माझ्या उस्तादानं, क्विरिननं,
अकरा वर्षं माळ्यावर सुकवला.
मुठीवरची जाळी दिव्याखाली हातानं कोरली,
त्यातली एक रेघ वाकडी गेली.
कुठली, ते आता मलाच ठाऊक.

माप घेतलं. खांदा, कोपर, गाल.
बाप आडदांड माणूस,
नाकावर माशी बसू न देणारा.
नळीच्या नाकावर मात्र हस्तिदंताची माशी मागून घेतलेली,
संध्याकाळी, डोंगरकड्यावरचा बकरा
सावलीत विरायला लागतो तेव्हासाठी.
आणि एक सुटी, जादाची:
मुठीच्या तळाला पोलादी टोपी,
टोपीला नखाएवढं झाकण, आत खोबण.

नख लावलं. टक्क.
क्विरिनची स्प्रिंग चाळीस वर्षांनीही तशीच.
आत माशी नव्हती.
कापसाच्या बोळ्यात दुधाचा एक दात.

तिनं तो तळहातावर घेतला, उजेडाकडे धरला.
"मला तर सांगितलं होतं,
चुलीमागचा उंदीर घेऊन गेला."

मग मी करवत लावली.
भुसा पडला, तपकिरी, जरा कडवट वासाचा.
शिंगाची जुनी पाटी घासून पुन्हा बसवली,
स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत आणल्या.
कापलेला तुकडा तिनं खिशात टाकला.

पावती लिहिताना विचारलं,
"सुटी माशी नवी करून देऊ?"

"नको," म्हणाली. "जागा नाही."