वाक्यात उपयोग करा

हर्णै. बर्फाच्या कारखान्यावरची माडी.
खाली लाद्या फोडतात, वर मी इंग्रजी शिकवते
बोटीवर जाणाऱ्या पोरांना, सहा ते साडेसात.
भाडं नाही. मालकांचा धाकटा माझ्या हाताखाली
दोनदा आपटून तिसऱ्यांदा दहावी सुटला,
त्याची ती परतफेड.

कंपनीच्या फॉर्मात सतरावा रकाना:
नेक्स्ट ऑफ किन.
फळ्यावर लिहिलं. खाली नेहमीचं,
वाक्यात उपयोग करा.

अयाज होडेकरने लिहिलं,
दापोली इज द नेक्स्ट ऑफ किन आफ्टर आसूद.
हा एसटीत कंडक्टर होणार, बोटीवर नाही.
सुजितने शेवटी एस लावला,
कारण त्याच्या घरात अकरा माणसं.
एस लागत नाही रे, म्हटलं.
एक असो, घर भरून असोत, शब्द तोच.
आणि 'टू' नाही, 'ऑफ'.
शेजारी बसलेला तो नव्हे.
मग कोण, बाई?
ज्याला पहिला फोन जातो तो.
कसला फोन
ते कोणी विचारलं नाही.
खारव्यांच्या, दालद्यांच्या पोरांना
ते विचारावं लागत नाही.

निनाद पावसेची वही सगळ्यात शेवटी आली.
अक्षर सुरेख. माय नेक्स्ट ऑफ किन इज,
आणि लगेच पूर्णविराम.
'इज'नंतर काहीतरी लागतं, निनाद,
वाक्य लटकतं.
माहीत आहे, म्हणाला.
बाप गेला तेव्हा हा चौथीत होता,
माझ्याच वर्गात, खिडकीकडच्या रांगेत.
आई पाळंद्याला दुसऱ्या घरी,
तिथे याचं नाव काढत नाहीत.

त्याने ते खोडलं. दुसरं लिहिलं:
आय हॅव नो नेक्स्ट ऑफ किन.
कर्ता आहे, क्रियापद आहे,
नकार जागच्या जागी,
'ए' नको तिथे घातलेला नाही.
मी चूक शोधली. दोनदा शोधली.
मग बरोबरची खूण केली,
तिचं शेपूट वहीच्या बाहेर बाकावर गेलं.

गणपती झाल्यावर तो मुंबईला, तिथून पुढे.
मी जेटीवर होते, लिलाव ऐन रंगात,
बांगड्याच्या टोपलीवरून दोघी हातघाईवर आलेल्या,
तेव्हा फोन वाजला. बेलापूरहून कोणी नंबियार.
फॉर्म तपासत होता.
सतराव्या रकान्यात तुमचं नाव आहे, करेक्ट?
त्याने आडनावाचं स्पेलिंग वाचलं. एक ए कमी.
आणि रिलेशनपुढे लिहिलंय, बी, ए, आय.
बाई म्हणजे काय, मॅडम?
मदर? आँट?

एका हातात म्हाकलांची पिशवी,
पाणी गळून चपलेत चाललेलं.
चौतीस वर्षं शब्दांचे अर्थ सांगितले मी,
समानार्थी, विरुद्धार्थी,
पेपरांत, पुरवण्यांत, तोंडी.
येस, म्हटलं.
दोघांतलं कुठलं येस,
ते त्यानेही विचारलं नाही. पुढचा फॉर्म असेल समोर.

पूर्ण वाक्यात उत्तर द्या,
हे पोरांना दर दिवशी बजावते मी.
अर्धा गुण कापते त्याचा.

फोन हल्ली रात्री उशाशी नसतो.
उशाशी रेंज येत नाही.
खिडकीच्या गजाला पिशवीत टांगून ठेवते,
आवाज पूर्ण मोठा करून,
आणि वाजू नये म्हणून जागी राहते.