गोरेवाडा, सव्वासहाची बस

खामल्याच्या चौकात मी मोजले : बावीस.
अजनीच्या यार्डात चौतीस वर्षं डबे मोजलेला माणूस मी,
आकडा चुकत नाही.

तलावावर धुकं अजून आळसावलेलं.
तितरमारे बाईंनी दुर्बीण उलटी धरली,
म्हणाल्या, "पाखरू तं लयच बारीक आहे बाप्पा!"
हसता हसता ढोमणेंची कवळी निसटली.
उकेंना जो पाणकावळा दिसला
तो बारसागडेंच्या मते बदक होता,
आणि हा वाद पोहे येईपर्यंत चालला.
तर्री जहाल.
खिशात बीपीच्या गोळ्या घेऊन
सगळ्यांनी दुसरी वाटी मागितली.

मी वहीत नावं लिहीत होतो,
पक्ष्यांची, वर्गणी बाकी असलेल्यांची.
कुणीतरी वही ओढून घेतली,
दुर्बीण हातात दिली.
पाण्यात बुडालेल्या बाभळीवर
एक खंड्या.
निळा.
किती वेळ बघत राहिलो कोण जाणे.

परतताना मोजले : तेवीस.
पुन्हा मोजले.
ड्रायव्हर म्हणाला, "कोणाला उचलून आणलं का जी, काका?"

दाभ्याच्या वळणावर ध्यानात आलं,
सकाळी मी मला धरलंच नव्हतं.