अल्ली

हुक्केरी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एल्ली?
मी म्हटलं, अल्ली.
कुठं, तर तिथं. एवढंच कानडी
पुरलं मला निपाणीपासनं बेळगावापर्यंत.
तसं मराठीत तरी मी दुसरं काय म्हणाले असते?

अकरा वर्षं खाजवलंय.
वखारीतला मुकादम म्हणायचा, तंबाखूची धूळ, ती चढतीच.
सुईणीनं कडुलिंबाचं पाणी सांगितलं,
कंपाउंडरनं गजकर्णाची ट्यूब दिली.
नणंदेनं विचारलं, मालक बाहेर कुठं जातो काय?
मालक जाऊन तवा सहा वर्षं झालेली.

बाईंनी दिवा खाली ओढला. बघितलं. घाई केली नाही.
मग मराठीत, एकेक शब्द चाचपत म्हणाल्या,
कातडी सिगारेटच्या कागदासारखी झाली आहे.
मला हसूच आलं.
चाळीस वर्षं तंबाखू चाळला,
आता कागद पण माझाच.

त्यांनी पेनानं माझ्या बोटावर
शेंड्यापासनं पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढली.
याच्या निम्मं. रोज रात्री, एक महिना.
मग एक रात्र आड.
मग आठवड्यातनं दोनदा, आणि ते दोनदा कायमचं.
साबण बंद.
बरं होईल?
थांबेल, त्या म्हणाल्या, तुम्ही थांबला नाहीत तर.

दुकानातलं पोरगं ट्यूब पेपरात गुंडाळत म्हणालं,
स्टेरॉइड हाय मावशी, जास्त लावू नका,
कातडी पातळ होते.
मी म्हटलं, बरं.

सून झोपली की
मिसरीच्या डब्यामागनं ट्यूब काढते.
पहिल्या रात्री दिवा घालवूनच लावलं.
तिसऱ्या रात्री आरसा फरशीवर ठेवला.
पांढरं. आठाच्या आकड्यागत.
काही ठिकाणी कडा नव्हत्याच,
पाटीवर ओला हात फिरल्यावर अक्षर जातं तशा.
साठ वर्षं माझंच, आणि आमची ओळख त्या रात्रीची.

आता खाज आठवड्यातनं एखाद्या वेळी येते,
पाहुणीसारखी, दारातनंच परत जाते.

काल जेवायच्या सुट्टीत गंगव्वा
पोत्यांच्या थप्पीच्या कोपऱ्याला टेकून उभी,
डोळे मिटलेले, पदर दातात.
ते उभं राहणं मला पाठ आहे.
शेजारी जाऊन हळूच विचारलं, एल्ली?

ती पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.
तंबाखू हाय, अक्का.
मी म्हटलं, न्हवं.