आठ दिवसांच्या बोलीवर

कलशेट्टींनी दिला तो आठ दिवसांच्या बोलीवर.
"न्या की ओ. पटला तर बेचाळीस,
नाही तर खोक्यासकट परत.
थर्माकोल तेवढा मोडू नका."

साडेनऊ किलो.
घरात सुताचा जुना काटा आहे, त्यावर ठेवून बघितला.
आत ट्रान्सफॉर्मर आहे की नुसता पत्रा
हे कागदाआधी कंबरेला कळतं.

कागदावर: ऐंशी वॅट.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: दोनच स्पीकर चालू असताना.
म्हणजे चादरीचा एक कोपरा भिजवून
सांगायचं, रंग पक्का आहे.
तरी पाचही जोडले. सोलून सोलून
अंगठ्याच्या नखाखाली तांब्याची तार गेली.

मग मोजणी. छोटा काळा माइक
ठेवायचा जिथे आपला कान असतो तिथे.
स्टँड नव्हता. चार चादरी रचल्या,
वर तो. यंत्र प्रत्येक कोपऱ्यात जाऊन
टिर्रर्र करून आलं, थांबलं,
पडद्यावर लिहिलं:
आवाज फार आहे. शांतता राखा.

भिंतीपलीकडे यंगलांचे बारा माग.
दत्तनगरात जन्मलेल्या माणसाला
हे कोणी याआधी सांगितलं नव्हतं.

मागांच्या सुट्टीला पुन्हा बसलो.
डावा दोन मीटर चाळीस. उजवा तेवढाच.
मागचा डावा तीन दहा, बरोबर, टेपने तपासलं.
सबवूफर, जो माझ्या पायाला लागत होता,
तो म्हणे सहा मीटरवर.
म्हणजे भिंत ओलांडून, यंगलांच्या सातव्या मागाखाली.
असं होतं म्हणतात, बदलू नका म्हणतात.
नाही बदललं.

अप्पा एकोणतीस वर्षं जॉबर होते.
बारीक आवाज त्यांचे केव्हाच गेले,
पाखरं, शिट्टी, प्रेशर कुकर नवा असेल तर तोही.
त्यांची परीक्षा एकच: "बोलतात ते कळतंय का?"
मधला स्पीकर तीनने चढवला.
कोर्टातला सीन लावला, साक्षीदार पुटपुटतो तो.
अप्पा पुढे वाकले. हात गुडघ्यावर.
म्हणाले, "खोटं बोलालाय हा."

इथपर्यंत दहापैकी आठ.

पण रात्री, सगळं बंद, आवाज शून्यावर,
तेव्हा एक घुंऽऽ.
केबल बदलली. प्लग उलटा केला. सेट टॉप बॉक्स काढला.
घुंऽऽ.
वायरमन गुंडला आला, मीटर लावलं, हसला.
"मशीन चांगलंय. तुमची जमीन कोरडी हाय.
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाका, पाणी ओता."

पाणी.
नळ येतो पाचव्या दिवशी, तोही पहाटे तीनला,
आणि आई तेव्हा पिंपासमोर
पहारेकऱ्यासारखी उभी.
"नीळ्ळु?" ती म्हणाली, मग मला नीट कळावं म्हणून मराठीत,
"पाणी? खड्ड्याला? गाणं ऐकायला?"

दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी मागच्या दारी एक बादली दिसली:
तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं,
वर कोथिंबिरीचं एक पान तरंगत.
ओतलं. जमिनीनं ते घोटभरही न थांबता घेतलं,
बुडबुडे आले, मिठाचा वास आला.

आत जाऊन कान लावला.
आधी वाटलं यंत्रच बंद पडलं.
मग लक्षात आलं, दिवा लागलेला आहे,
आणि दोन घरं टाकून कोणीतरी
शेंगा कुटत आहे, ते ऐकू येत आहे.

आता लिहायचं झालं तर असं लिहीन:
रिमोट बारीक बोटांच्या माणसासाठी. मेनूत मराठी नाही.
वरचा पत्रा तासाभरात तापतो,
त्यावर काही ठेवू नये, आई पापड ठेवते.
आवाज मोकळा. बोललेलं कळतं.
दर पाचव्या दिवशी एक बादली.

आठव्या दिवशी कलशेट्टींचा फोन.
"काय ठरलं मग?"
मी म्हणालो, चाळीसला द्या. दोन हजार पाण्याचे कापा.
ते समजले नाहीत, पण कापले.

थर्माकोलचा कोपरा पहिल्याच संध्याकाळी मोडला होता,
हे मी त्यांना सांगितलं नाही.