रेप्लिका, अझ-झूर

बॉयलर विझून तीन दिवस झाले
तरी पाइपावर हात ठेववत नाही.
रुपयाएवढी जागा आरशासारखी घासलेली,
तिच्यावर ॲसिडचा बोळा,
मग ॲसिटोनमध्ये मऊ केलेली फिल्म.
परकार टॉर्च धरतात.
बाहेर समुद्र, नासलेल्या दुधाच्या रंगाचा.

भिंगाखाली:
नव्या पोलादात शेजारी शेजारी असतात
त्या पट्ट्या मोडून साबुदाणा झालाय
आणि सरकत सरकत बांधाला लागलाय.
दोन कणांमधल्या बांधावर
एक काळं भोक. थोडं पुढे दुसरं.
अजून एकमेकांना भेटलेली नाहीत.

एक लाख ऐंशी हजार तास,
पाचशे चाळीस अंशांवर.
बाहेरून काहीच नाही. रंगही शाबूत.

"काय म्हणतो आमचा पाइप?"
हा जोड त्यांनीच वेल्ड केला होता,
हर्णैहून आले त्याच वर्षी.
मी म्हणतो, दोन वर्षांनी पुन्हा बघू.
ते फिल्म कडेला धरून उजेडात नेतात,
बोट उमटू न देता.

"त्याला दोन वर्षं मिळाली म्हणायची.
माझा इकामा ऑगस्टपर्यंत."

मी रिपोर्टात तास लिहितो,
शून्यं दोनदा मोजून.