चौथा भाग

हेल्यू भूर्जाचं लाकूड चुलीत सारते.
बाहेर समुद्र गोठलेला,
दुपारी चारलाच दिवेलागण.
मूग कालपासून भिजलेत,
टार्तूहून टपालानं आलेले, पावशेरच.

कोथिंबीर नाही या बेटावर. शेपू आहे.
हिंगाचा वास तिला अजून
एंडेलच्या बोटीतल्या डिझेलसारखा वाटतो,
म्हणून चिमूटभर जास्तच घालते.

योगवर्गात बाईंनी सांगितलं होतं:
पोटाचे दोन भाग अन्न, एक पाणी,
चौथा मोकळा ठेवा, वाऱ्याला.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
हिनं विचारलं,
आणि तो आधीच मोकळा असेल तर?
बाई हसल्या, मग गप्प झाल्या.

आता ती पाठ ताठ करून बसते.
वाफाळती खिचडी, वर तूप.
घास बत्तीस वेळा चावायचा,
पण विसाव्याला तिचं लक्ष खिडकीकडे जातं
आणि आकडा चुकतो.
पुन्हा एकपासून.

सगळं आवरल्यावर मात्र
उभ्याउभ्याच पातेल्याची खरवड काढून खाते,
त्याच्या मासे साफ करायच्या सुरीनं.

हे बाईंना सांगू नकोस, म्हणाली,
आणि त्यातली अर्धी
माझ्या तळहातावर ठेवली.